अंगावर पित्त उठलं आणि श्वास लागला, तर?



कोविडची लस घेतल्यावर आपल्याला अर्धा तास तिथेच खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, आठवतंय ना? तेव्हा बऱ्याच जणांनी कुरकुर केली होती. "टोचून झालं, आता जाऊ द्या की घरी!" पण तो अर्धा तास मुख्यतः एका धोक्यासाठी राखून ठेवला होता. त्या धोक्याचं नाव ॲनाफिलॅक्सिस. म्हणजे अचानक येणारी, सगळ्या शरीराला वेढणारी, जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी. आणि शेजारच्या टेबलावर त्यावरचं औषधही तयार ठेवलं होतं.

लसीकरण केंद्रावर ही सोय असते. पण हीच वेळ घरी, लग्नाच्या कार्यालयात, गडावर किंवा रेल्वेच्या डब्यात आली तर? आजच्या भागात एवढंच बोलायचं आहे. विषय डॉक्टरी आहे, पण पहिली दहा-पंधरा मिनिटं डॉक्टरांच्या हातात नसतात, ती तुमच्या हातात असतात.

सुरतेतली एक दुपार

माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातला प्रसंग सांगते. रविवारची दुपार, घरात कोळंबीचं कालवण. काका पन्नाशीचे. मागे एक-दोनदा कोळंबी खाल्ल्यावर त्यांच्या ओठांना खाज सुटली होती, पण कुणी मनावर घेतलं नव्हतं.

जेवण होऊन वीस मिनिटं झाली असतील. काकांचे तळहात खाजायला लागले. मग मानेवर, पोटावर लाल गांध्या उठल्या. आजी म्हणाल्या, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा." सुनेने आमसूल भिजत घातलं. घरात एव्हिलची गोळी होती, ती दिली. सगळे वाट बघत बसले. दहा मिनिटांत काकांचा आवाज घोगरा झाला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. मग धावपळ सुरू झाली. मुलाने स्कूटर काढली, पुतण्या मागे बसला आणि दोघांच्या मधे काकांना बसवून नेलं. रुग्णालयाच्या दारात काका उतरून उभे राहायला गेले आणि तिथेच कोसळले.

नशीब चांगलं होतं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं आणि मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. काकांना आडवं ठेवून पाय वर केले, ऑक्सिजन लावला, सलाईन सुरू केलं. पाच मिनिटांनी दुसरा डोस दिला. काका वाचले.

त्या घरात कुणीही निष्काळजी नव्हतं. सगळ्यांनी प्रेमानेच केलं. तरी तीन गोष्टी चुकल्या. पित्त समजून वाट पाहिली, एव्हिलवर भरवसा ठेवला आणि अंधारी आलेल्या माणसाला उभं केलं. या तिन्ही चुका आपल्यापैकी कुणाच्याही घरी होऊ शकतात. म्हणून एकेक नीट समजून घेऊ.

नुसतं पित्त कोणतं आणि धोका कोणता?

आपल्या मराठीत 'पित्त' हा शब्द दोन कामं करतो. पोटात जळजळ झाली की पित्त, आणि अंगावर गांध्या उठल्या तरी पित्तच. अंगावरचं पित्त बहुतेक वेळा साधंच असतं. खाज सुटते, गोळीने कमी होते. त्यासाठी घाबरायचं कारण नाही.

पण अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: त्वचेशिवाय आणखी कुठे काही होतंय का?

शरीराची चार ठिकाणं लक्षात ठेवा.

त्वचा: गांध्या, खाज, लाली, ओठ-पापण्या-जीभ सुजणं.

श्वास: दम लागणं, छातीत शिट्टीसारखा आवाज, सतत खोकला, घसा आवळणं, आवाज बदलणं, गिळता न येणं.

रक्ताभिसरण: चक्कर, अंधारी, घाम फुटून अंग गार पडणं, पांढरंफटक होणं, शुद्ध हरपणं.

पोट: जोरात कळा, पुन्हा पुन्हा उलट्या.

त्वचेवर काही दिसतंय आणि त्यासोबत श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडलंय, किंवा पोटाचा त्रास जोरात आहे, तर ते नुसतं पित्त नाही. ते ॲनाफिलॅक्सिस समजूनच पुढे चालायचं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. शंभरातल्या दहा ते वीस रुग्णांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही. त्यामुळे ज्याची ॲलर्जी माहीत आहे असा पदार्थ पोटात गेला, मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली, किंवा नुकतंच एखादं इंजेक्शन घेतलं आणि लगेच श्वास लागला किंवा चक्कर आली, तर गांध्या उठण्याची वाट बघू नका. लहान मुलं तर सांगूही शकत नाहीत. खेळतं मूल एकदम गप्प झालं, लोळागोळा झालं, लाळ गाळायला लागलं, खोकत राहिलं, तर सावध व्हा.

"पण इतकी वर्षं खातोय, कधी काही झालं नाही!" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. याचं उत्तर या आजाराच्या शोधातच आहे. १९०१ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्रसफरीला गेले होते आणि समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पुढे त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचून पाहिलं. पहिल्या वेळी तगलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी लहानशा डोसने काही मिनिटांत दगावला. पहिल्या भेटीत शरीराला संरक्षण मिळायच्या ऐवजी उलटंच घडलं होतं. म्हणून १९०२ साली त्यांनी याला 'संरक्षणाच्या उलट' अशा अर्थाचं ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं. रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. तात्पर्य काय, तर आधी काही झालं नाही, ही पुढची हमी नाही.

कारणं बरीच आहेत. खाण्यात शेंगदाणे, काजू, कोळंबी, खेकडे, मासे, अंडी, दूध, गहू. औषधांत पेनिसिलिनसारखी प्रतिजैविकं आणि काही वेदनाशामकं. शिवाय मधमाशी आणि गांधीलमाशी. टेस्ट डोसला काही झालं नाही म्हणून पूर्ण इंजेक्शनला होणारच नाही, असंही नाही. म्हणून दवाखान्यात इंजेक्शन घेतल्यावर लगेच निघू नका, थोडा वेळ तिथेच बसा.

किती वेळ हातात असतो?

ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यम कालावधी असा निघाला: खाण्यामुळे झालेल्या प्रकारात ३० मिनिटं, माशीच्या दंशात १५ मिनिटं आणि दवाखान्यात दिलेल्या औषधांमुळे झालेल्या प्रकारात फक्त ५ मिनिटं. हे आकडे मृत्यू झालेल्यांचे आहेत. सगळ्यांचं असं होत नाही आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक जण बरे होतात. पण आमसूल भिजायला किती वेळ लागतो, याचा विचार करा.

ॲड्रेनलिनच का?

या आजारात शरीरातल्या काही पेशी एकदम हिस्टामिन आणि त्यासारखी अनेक रसायनं सोडतात. त्यांनी रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपतं, रक्तदाब कोसळतो. घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात.

ॲड्रेनलिन या सगळ्यावर एकाच वेळी काम करतं. ते रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब उचलतं, सूज उतरवतं, हृदयाला जोर देतं, श्वासनलिका उघडतं आणि त्या पेशींतून आणखी रसायनं सुटणंही रोखतं. असं दुसरं औषध नाही.

मग एव्हिल, सेट्रिझिन यांचं काय? त्या गोळ्या फक्त हिस्टामिनला अडवतात. खाज आणि गांध्या कमी होतात. पण त्यांचा परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि बंद होत आलेला घसा त्या उघडत नाहीत, पडलेला रक्तदाबही उचलत नाहीत. स्टेरॉईडच्या इंजेक्शनला तर काही तास लागतात. ही औषधं देऊ नयेत असं नाही. ती नंतर द्यायची आहेत. ॲड्रेनलिनच्या जागी नाही.

ते टोचायचं कुठे? मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. १९९८ साली ॲलर्जी असलेल्या मुलांवर एक अभ्यास झाला. मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनलिन रक्तात सरासरी ८ मिनिटांत सर्वोच्च पातळीला पोचलं. दंडावर कातडीखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली. औषध तेच, जागा बदलली आणि २६ मिनिटांचा फरक पडला.

डोस वजनावर ठरतो: दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देतात. इंजेक्शननंतर हात थरथरतात, छातीत धडधडतं, चेहरा पांढरा पडतो. ते थोड्या वेळात ओसरतं. "बाबांना हृदयविकार आहे, मग कसं द्यायचं?" असं घरचे विचारतात. ॲनाफिलॅक्सिसमध्ये न देण्याचा धोका देण्यापेक्षा मोठा असतो, म्हणून हृदयरुग्णालाही ते देतात.

घरी, रस्त्यात काय करायचं?

१. कारण थांबवा. तोंडात घास असेल तर थुंकायला सांगा. सलाईनमधून औषध चालू असेल तर लगेच सिस्टरना हाक मारून ते बंद करायला सांगा. मधमाश्या असतील तर आधी तिथून लांब व्हा, मग रुतलेला काटा नखाने चटकन खरवडून काढा. उलटी काढायला लावू नका.

२. माणसाला आडवं करा, पाय उशीवर किंवा बॅगेवर उंच ठेवा. दम लागत असेल तर पाय लांब पसरून टेकवून बसवा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा.

३. उभं करू नका, चालवू नका. रक्तदाब पडलेला असताना माणूस एकदम उठला, तर हृदयाकडे येणारं रक्त आटतं आणि काही क्षणांत हृदय थांबू शकतं. काका दारात कोसळले ते यामुळेच. बरं वाटलं तरी उठवून बसवू नका. जिना असेल तर चादरीची झोळी करून चौघांनी उचला. दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून नेणं तर नकोच. गाडीच्या मागच्या सीटवर आडवं झोपवून न्या.

४. डॉक्टरांनी आधीच ॲड्रेनलिन जवळ ठेवायला दिलं असेल, तर ते मांडीत द्या. "आणखी थोडं थांबून बघू" म्हणू नका.

५. ११२ लावा. हा क्रमांक देशभर चालतो. रुग्णवाहिकेसाठी बहुतेक राज्यांत १०८ आहे. धावत्या रेल्वेत असाल तर १३९ लावा आणि टीटीईला सांगा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल आणि रुग्णालय जवळ असेल, तर आडवं झोपवूनच घेऊन निघा. सर्वांत मोठं रुग्णालय शोधत फिरू नका, जिथे ॲड्रेनलिन लगेच मिळेल असं सर्वांत जवळचं ठिकाण गाठा. खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र विसरू नका.

६. पाणी, सरबत, दूध काही पाजू नका. दम्याचा पंप असेल तर ॲड्रेनलिननंतर वापरा, त्याच्या ऐवजी नाही. श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात करा.

परराज्यात दवाखान्यात काय बोलायचं?

आपल्यापैकी कितीतरी जण इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू, दिल्लीत राहतात. घाईच्या वेळी माणूस मातृभाषेत बोलतो. 'पित्त झालंय' म्हटलं, तर समोरचा ॲसिडिटीचं औषध काढेल. म्हणून दोन शब्द पाठ करून ठेवा, ते देशातल्या कुठल्याही दवाखान्यात कळतात: ॲनाफिलॅक्सिस आणि ॲड्रेनलिन.

काउंटरवर नाव-पत्ता लिहीत उभं राहायच्या आधी तीन गोष्टी सांगा: काय खाल्लं किंवा टोचलं, किती वेळापूर्वी, आणि आता काय होतंय. हिंदी चालत असेल तर एवढं पुरे: "झींगा खाए आधा घंटा हुआ, बदन पर दाने हैं, साँस फूल रही है, एनाफिलैक्सिस लगता है."

एव्हिल आणि स्टेरॉईड देऊन "थोडा वेळ बसा" असं सांगितलं आणि श्वास किंवा चक्कर तशीच असेल, तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा: "डॉक्टर, ॲड्रेनलिन दिलंत का? द्यायची गरज आहे का?" यात डॉक्टरांचा अपमान नाही. मी स्वतः डॉक्टर आहे, म्हणून सांगते. गर्दीच्या कॅज्युअल्टीत असा प्रश्न कुणी विचारला, तर त्याचा रागच काय, आधारच वाटायला हवा.

पैसे जवळ नाहीत म्हणून पाय अडखळू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं की जीव वाचवण्यासाठी तातडीची मदत करणं हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पण त्या क्षणी वाद घालत बसू नका. आधी औषध, कायदा नंतर.

वाचल्यानंतर

बरं वाटलं की घरी जायची घाई होते. थांबा. काही जणांमध्ये पुन्हा काहीही न खाता, काही तासांनी तोच त्रास परत येतो. म्हणून डॉक्टर सांगतील तितके तास देखरेखीखाली राहा. झटका मोठा असेल तर रात्रभरही थांबावं लागतं.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्या. पहिली, डिस्चार्जच्या कागदावर ॲनाफिलॅक्सिस हा शब्द आणि संशयित कारण लिहून घ्या. नुसतं 'ॲलर्जी' नको. दुसरी, ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी. त्वचेच्या चाचण्या साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात. तिसरी, ॲड्रेनलिन जवळ ठेवण्याबद्दल सल्ला.

परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, मांडीवर दाबलं की झालं. २०२४ साली अमेरिकेत नाकात मारायच्या ॲड्रेनलिनच्या फवाऱ्यालाही मान्यता मिळाली. आपल्याकडे ते पेन सहजासहजी मिळत नाही. पण ॲड्रेनलिनची काचेची छोटी कुपी स्वस्त आहे आणि देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ज्यांना धोका जास्त आहे, त्यांना काही डॉक्टर कुपी आणि सिरिंज जवळ ठेवायला देतात. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि त्यांच्यासमोर सराव करूनच करायचं. तुमचा डोस किती रेघांपर्यंत, ते कागदावर लिहून घ्या. हे इंजेक्शन फक्त मांडीच्या स्नायूत द्यायचं, शिरेत कधीच नाही. कुपी उन्हापासून जपा, फ्रीजरमध्ये ठेवू नका, मुदत तपासत राहा, आणि पाण्याचा रंग तपकिरी झाला तर बदला.

पाकिटावरचं लेबल वाचायची सवय लावा. शेंगदाणे-सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, सोयाबीन, गहू यांसारखे पदार्थ असतील तर तसं लिहिणं आपल्या देशात बंधनकारक आहे. लग्नात, हॉटेलात मात्र विचारावंच लागतं. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय" असा आग्रह करणाऱ्याला हसून पण ठाम नाही म्हणा. आणि आग्रह करणारे तुम्ही असाल, तर एकदा नाही म्हटलं की थांबा.

सुरतेच्या काकांच्या पाकिटात आता एक कार्ड असतं. मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेलं: कोळंबीची ॲलर्जी, ॲनाफिलॅक्सिस झाला होता, ॲड्रेनलिन द्या, घरचा फोन. आजींनीच ते करून घ्यायला लावलं. त्या म्हणतात, "आमसूल सोलकढीपुरतं."

तुम्हीही आज एक काम करा. घरात कुणाला अशी ॲलर्जी असेल, तर जेवणाच्या टेबलावर बसून सगळ्यांना, अगदी दहा वर्षांच्या मुलांनाही, तीन वाक्यं सांगा: त्वचेसोबत श्वास किंवा चक्कर म्हणजे धोका. आडवं ठेवा, उभं करू नका. ॲड्रेनलिन मांडीत, तेही लगेच.

काळजी घ्या. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.